उन्हात वाळवलेले सेल

१९९६ चा मे. आमची तुकडी नाशिकजवळच्या फायरिंग रेंजवर होती. मी तोफखान्यातला सिग्नलमन, गाव दिंडोरी तालुक्यातलं. टेकडीवरच्या ओपीतून, म्हणजे निरीक्षण चौकीतून, मागे तीन किलोमीटरवरच्या तोफांशी फील्ड टेलिफोन चालू ठेवायचा, एवढंच माझं काम. फोनला टॉर्चसारखे दोन जाड सेल लागत.

सकाळी साडेसातला लाइन तपासली, तर पलीकडचा म्हणाला, तुझा आवाज बारीक येतोय. आमच्या घरी टॉर्च मंदावली की सेल उन्हात ठेवत. मी तर हुशार! चालू दोन आणि राखीव सहा, सगळेच तापल्या पत्र्यावर मांडले. फायरिंग साडेदहाला होतं. दहाला सेल परत बसवले, तपासायची तसदी घेतली नाही.

सव्वादहाला कॅप्टनसाहेबांना दुर्बिणीत टार्गेटपाशी एक गुराखी दिसला, पाच-सहा म्हशींसह. रेडिओ सेट दुरुस्तीला गेलेला. फोन आला नाही, तर तोफा घड्याळ बघून फायर करणार होत्या.

"गन्स को बोलो, स्टॉप!"

मी हँडल फिरवलं. पलीकडे घंटी वाजली, कारण घंटी हँडलच्या जोरावरच वाजते, तिला सेल लागत नाहीत. "हॅलो? ओपी? बोला ना!" तिकडचा आवाज तिकडच्या सेलवर मला स्वच्छ येत होता. माझा जात नव्हता. राखीव सेल घातले. तेही मेलेले.

मनमाडचे हवालदार पगारे शेजारी आले. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो.

"काय केलंस रे यांना?"

"उन्हात ठेवले, उस्ताद. चार्ज व्हायला."

"पापड हाय का ते, येड्या? मीठ आण!"

त्यांनी खिळ्याने सेलच्या जस्ताला भोकं पाडली आणि मगातल्या मिठाच्या पाण्यात ते बुडवले. हात चालू, तोंडही चालू. "मधी कार्बनची कांडी हाय ना, तिला काय होत नाय. भोवतीचा काळा लगदा ओला पाहिजे, तवा कांडी करंट बाहेर देते. तू लगदाच वाळवलास. माझा बाप रेल्वेच्या तारघरात होता. तिथं बरण्यांत पाणी घालायला मीच असायचो."

दहा सत्तावीस. ओले सेल फोनमध्ये बसवून मी ओरडलो, "गन्स, स्टॉप! स्टॉप!"

"स्टॉप, रॉजर. ओरडू नको, ऐकू येतंय."

गुराख्याला काहीच कळलं नाही. म्हशींना तर नाहीच.

"सेल को क्या हुआ था?" साहेबांनी विचारलं.

"पुराने थे, साब," उस्ताद म्हणाले. चेहरा दगडाचा. संध्याकाळी मात्र त्यांनी मला पाठीवर भरलेला पिठ्ठू लावून टेकडीला पाच चकरा मारायला लावल्या. सहावी त्यांनी माझ्याबरोबर मारली.

२००१ मध्ये आम्ही उत्तर सीमेवर होतो. गोळाबारीत लाइन तुटली. ती जोडायला उस्ताद स्वतः गेले. दुपारी चार चाळीसला, तार जोडली त्या जागेवरूनच त्यांचा फोन आला.

"येतंय का ऐकू?"

"येतंय, उस्ताद."

"मग येतो."

वाटेत गोळा पडला. हवालदार पगारे परत आले नाहीत.

दरवर्षी एकदा मनमाडला उस्तादांच्या घरी जातो. वहिनी चहा ठेवतात आणि म्हणतात, "सांगा त्यांचं काहीतरी." मी सांगतो ते म्हणजे त्यांनी मला घातलेल्या शिव्या. वहिनी पदर तोंडाला लावून हसतात. मग म्हणतात, "एक राहिली, पापडाची. ती पण सांगा."