मास्तरांच्या हाती आलेलं स्वयंपाकघर

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत, पण त्यांनी जन्मात कुणाला शिकवलेलं नव्हतं. ते पडद्यांच्या कारखान्यात कटिंगमास्तर होते. बत्तीस वर्षं एकच काम: लांबलचक टेबलावर कापड पसरायचं, खडूनं आखायचं आणि कात्री चालवायची. आखणी अशी बेतलेली असायची की शेवटी जेमतेम मूठभर चिंध्या निघत. घरी मात्र त्यांची धाव जेवणाच्या टेबलापर्यंतच. स्वयंपाकघरात ते फक्त पाणी प्यायला जात, आणि तेही ग्लास कुठं असतो ते विचारून.

एका सोमवारी त्यांची बायको जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. प्लास्टर सहा आठवड्यांचं.

"आता जेवणाचं काय हो करायचं?" दवाखान्यातून परत येताना तिनं विचारलं.

"त्यात काय? समोर दुकान आहे की," मास्तर म्हणाले.

समोरच्या दुकानात सगळंच तळलेलं मिळे. तळलेले बटाटे, तळलेली कोंबडी, तळलेले मासे. पहिले दोन दिवस मास्तरांनी बोटं चाटत खाल्लं. चौथ्या दिवशी त्यांचं पोट बिनसलं. सहाव्या दिवशी समोरच्या तळणाचा वास खिडकीतून आत आला तरी त्यांना कसंतरी व्हायला लागलं.

"अहो," बायको काकुळतीला येऊन म्हणाली, "मला साधं काहीतरी द्या. कोबी. नुसता उकडलेला कोबी मिळाला तरी चालेल."

तीस वर्षांत तिनं कधी साडी मागितली नव्हती, दागिना मागितला नव्हता. आणि आता मागून मागितला तो कोबी! मास्तर ताडकन उठले, स्वयंपाकघरात शिरले आणि त्यांनी फ्रीज उघडला. आत काय आहे ते कळेना, म्हणून त्यांनी सगळंच बाहेर काढून ओट्यावर मांडलं. अकरा वाट्या निघाल्या. कशावर बुरशी, कशाला आंबूस वास.

"टाकून द्या सगळं. मी पडायच्या आधीचं आहे ते," बायको दारातून म्हणाली.

"एवढं अन्न?"

"मग? दर शनिवारी टाकते मी. तुम्हाला ताटात कालचं दिसलं की तुम्ही नाक मुरडता. कधीतरी खाल म्हणून ठेवते, आणि मग टाकते."

एकेक वाटी कचऱ्याच्या डब्यात रिकामी करताना मास्तरांचा चेहरा पडत चालला होता. वीतभर कापड वाया गेलं तर कारखाना डोक्यावर घेणारा माणूस तो. अकरावी वाटी धुऊन पालथी घातल्यावर ते वळले आणि म्हणाले, "स्टूल घे, इथं बस आणि सांग. मी करतो."

पहिला स्वयंपाक झाला तो उकडलेली मसूर, कोबी आणि भात. मीठ घालायचं राहिलं. कोबीचे तुकडे मात्र असे एकसारखे झाले होते की बायकोनं वाटी उजेडात धरून पाहिली. मसूर दोघांना पुरून दोन वाट्या उरली.

"आता हिचं काय?" मास्तरांनी विचारलं.

"गार झाली की लगेच फ्रीजमध्ये. रात्रभर ओट्यावर राहिलेलं मी खाणार नाही आणि तुम्हालाही खाऊ देणार नाही. आणि तारीख लिहा. तीन दिवसांच्या वर काही ठेवायचं नाही."

मास्तरांनी खिशातून आखायचा खडू काढला आणि झाकणावर तारीख टाकली.

दुसऱ्या दिवशी बायकोच्या सांगण्यावरून त्यांनी दोन टोमॅटो आणि लसूण परतून त्यात ती मसूर घोटली, पाणी घालून खळखळून उकळली आणि वरून लिंबू पिळलं. एक चमचा तोंडात घातला आणि ते तसेच उभे राहिले.

"अगं! अगं, ही कालचीच आहे!"

"मग मी काय सांगतेय?"

"पण कालची वाटतच नाही! हे घे, चाखून बघ!" त्यांनी एवढ्या घाईनं चमचा पुढं केला की सुपाचे चार थेंब तिच्या प्लास्टरवर सांडले.

तेव्हापासून मास्तरांच्या अंगात जे काही शिरलं ते शिरलं. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "आज काय काय उरलंय?" उरलेल्या बटाट्यात अंडी फोडून त्यांनी जाडसर ऑम्लेट केलं. भाजी निवडून उरलेली देठं आणि सालं उकळून पाणी गाळून ठेवलं आणि भात त्या पाण्यात शिजवला. एकदा काकडीच्या कोशिंबिरीचा रस्सा करायला गेले, तो मात्र इतका भयंकर झाला की दोघांनी पाव आणि दूध खाऊन वेळ भागवली. पण मास्तर हटले नाहीत. कारखान्यात शिलाईवरच्या बायका त्यांना येताना पाहूनच हसायला लागत.

"मास्तर, आज काय कशात घातलं?"

"घेवड्याचे दाणे, भोपळ्यात!" मास्तर दारातूनच ओरडत आणि डबा उघडून प्रत्येकीला एकेक घास चाखायला लावत. पाचव्या आठवड्यात त्यांचा पट्टा एक भोक आत गेला. बायकोच्या चेहऱ्यावरही तजेला आला.

आणि मग आला तो रविवार. साडेअकराला लेकीचा फोन.

"बाबा, आम्ही निघालोय. आम्ही दोघं आणि सासू-सासरे. आईला बघायला. पाऊण तासात पोचतो. काही करू नका हं, येताना बाहेरून घेऊन येतो."

"खबरदार! काहीही आणायचं नाही!" मास्तरांनी फोन ठेवूनही टाकला.

बायकोनं कपाळावर डावा हात मारून घेतला. "अहो, डोकं फिरलंय का तुमचं? विहीणबाई येतायत! लग्नाच्या जेवणात मीठ कमी आहे हे ज्यांनी तीन वेळा ऐकवलं, त्या! घरात आहे काय?"

पण मास्तर ऐकायला होते कुठं? त्यांनी फ्रीजमधलं सगळं टेबलावर मांडलंही होतं. दोन मोठे वाडगे भात, एक वाडगा मसूर, शुक्रवारी भाजलेला अर्धा भोपळा, पाव कोबी, दोन गाजरं, पाच अंडी, दगडासारखा झालेला पाव, दही, मार लागलेली चार सफरचंदं. त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले. डोळे लुकलुकत होते.

"सहा माणसं. पुरतंय! अगं, पुरून उरतंय!"

भोपळा आणि मसूर एकत्र घोटून गॅसवर चढली. पावाचे तुकडे लसूण लावून तव्यावर कुरकुरीत होऊ लागले. कोबी चिरला, त्याचा दांडा आणि गाजरं किसली, ते सगळं परतून त्यात भात आणि अंडी गेली. सफरचंदांचा डागाळलेला भाग कापून बाकीच्या फोडी थोड्या पाण्यात मंद आचेवर ठेवल्या. बायको डाव्या हातानं दही घुसळत होती आणि घड्याळाकडं बघून "अहो, आटपा! अहो, करपेल!" असा धोशा लावत होती. मास्तरांच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि ते चक्क शीळ घालत होते.

बेल वाजली तेव्हा शेवटची प्लेट टेबलावर येत होती.

जेवण सुरू झालं. विहीणबाईंनी सुपाचा एक चमचा घेतला. मग दुसरा. मग वाडगा पुढं केला. "आणखी थोडं द्या. कसलं सूप हो हे?"

बायकोनं टेबलाखालून मास्तरांच्या पायावर पाय दिला. पण मास्तरांच्या पोटात राहतंय थोडंच!

"सांगतो, विहीणबाई! भोपळा परवाचा, मसूर कालची, भातसुद्धा कालचा! पाव तर गुरुवारचा आहे! आज बाजारातून मी नवीन काही म्हणजे काही आणलेलं नाही!"

जावई छताकडं बघू लागला. लेकीनं डोळे मिटून घेतले.

"म्हणजे," विहीणबाईंनी चमचा खाली ठेवला, "तुम्ही आम्हाला शिळं वाढलंत?"

"वाढलं," मास्तर म्हणाले. "पण नीट ठेवलेलं, नीट उकळलेलं. थांबा, तारखाच दाखवतो!" आणि ते धावत जाऊन झाकणं घेऊन आले.

विहीणबाईंनी चष्मा लावला. एकेक झाकण वाचलं. तेवढ्यात व्याही एकदम बोलले, "आमच्याकडं काल अर्धं पातेलं भाजी मीच टाकून आलो. हिला शिळं चालत नाही ना!"

"तुम्ही गप्प बसा," विहीणबाई म्हणाल्या. मग त्या मास्तरांकडं वळल्या. "भोपळा सालासकट भाजलात?"

"सालासकट."

"मला वाटलंच. माझी आई तसाच भाजायची. म्हणून ओळखीचं लागत होतं." त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "आणि भातात हे गोड गोड काय लागतंय?"

"कोबीचा दांडा! किसून!"

"दांडा? मी तर फेकते!"

"फेकता?" मास्तर उभेच राहिले. "विहीणबाई, आत चला. दाखवतो!"

पुढचा तासभर दोघं स्वयंपाकघरात होते. बाहेर ऐकू येत होतं ते एवढंच, "फ्लॉवरचीही देठं?" "हो!" "मुळ्याचा पाला?" "तो तर सोडायचाच नाही!" आई आणि लेक सोफ्यावर एकमेकींकडं बघून पोट धरधरून हसत होत्या. व्याह्यांनी सफरचंदांचा वाडगा कधीच आपल्याकडं ओढून घेतला होता.

पुढच्या आठवड्यात प्लास्टर निघालं. बोटं अजून आखडलेली होती, पण बायकोनं हट्टानं स्वतः स्वयंपाक केला. घेवडा, भात आणि टोमॅटोचं सार. मास्तर पोटभर जेवले, वाखाणत जेवले. जेवण झाल्यावर मोठ्या आशेनं त्यांनी पातेल्यांची झाकणं उचलून पाहिली. घेवडा संपलेला. भात संपलेला. सार थेंबभरही नाही.

"काहीच उरलं नाही?"

"दोघांपुरतंच बेतलं होतं. वाया जाऊ नये असं तुम्हीच म्हणता ना?"

मास्तर मान खाली घालून पातेल्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा पाहून बायकोला हसू आवरेना.

"बरं, बरं. उद्या दोन मुठी जास्त शिजवते."

"मसूर शिजव," मास्तर म्हणाले. "आणि दोन नको, तीन मुठी जास्त टाक."