मायक्रॉन सरांचा अंगठा

मायक्रॉन सरांच्या उजव्या अंगठ्यावर आमच्या अख्ख्या प्रयोगशाळेचा भरवसा होता. लातूरच्या आमच्या फार्मसी कॉलेजात नाकात मारायच्या फवाऱ्याचे थेंब मोजायला लेझरचं यंत्र होतं, पण बाटली दाबणारं यंत्र घ्यायची ऐपत नव्हती. ती सर दाबायचे. कितीही वेळा दाबली तरी फवारा तसाच. थेंब मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचे, म्हणून आम्ही त्यांना ते नाव ठेवलेलं.

"थेंब लई बारीक झाला की फुप्फुसात जातो, मोठा झाला की व्हटावर गळतो. दोन्हीकडून औषध वाया," हे ते येईल त्याला सांगायचे. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी कढीचे थेंब पाडून हे समजावलेलं मी पाहिलं आहे. वऱ्हाडी हसले. सरांना त्याचं काही वाटलं नाही.

मी लोहा गावची. माझं एम.फार्म.चं काम त्यांच्याच हाताखाली चाललं होतं. औषध म्हाताऱ्या माणसांसाठी होतं आणि आमच्या आकड्यांवर कंपनी बाटलीचा पंप ठरवणार होती. दिवाळीनंतर थेंब मोठे यायला लागले. यंत्र तपासलं, ते ठीक होतं. मग माझं लक्ष सरांच्या अंगठ्याकडे गेलं. तो थरथरत होता. हळू दाबलं की थेंब मोठा होतो, हे त्यांनीच शिकवलेलं. पण त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना. मी मोठ्या थेंबांचे आकडे वहीतून गुपचूप गाळू लागले.

महिन्याभराने त्यांनी यंत्रातले आकडे वहीशी ताडून पाहिले.

"बाकीचे कुठं गेले?"

माझी नजर त्यांच्या अंगठ्याकडे गेली. त्यांनीही आपल्या हाताकडे पाहिलं.

"माझी लाज राखून राहिलीस होय, पोरी? अगं, ज्याला हे औषध द्यायचं त्याचाबी हात असाच हाय. त्याच्या नाकातून सगळं गळून गेलं, तर कुणाला विचारावं त्यानं?"

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं आणि मग वही पुढे सरकवली. गाळलेलं सगळं परत लिहायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच थरथरत्या अंगठ्याने बाटली दाबत बसले.

त्या आकड्यांमुळे कंपनीने हलक्या हाताने चालणारा पंप घेतला. सरांनी मात्र पुन्हा बाटली हातात घेतली नाही. नोकरी सोडून ते मुदखेडला घरी गेले आणि गेल्या वर्षी वारले. मला फार पोरकं वाटलं.

ती वही माझ्याकडे आहे. प्रत्येक पानावर 'दाबणारा' या रकान्यात त्यांची सही आहे. बाटली दाबली त्या शेवटच्या दिवसाच्या पानावर तेवढी सही नाही. तिथे वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलंय, 'पेशंट'.