माझी बायको बॅड आहे

तेव्हा आम्ही कात्रपला राहायचो आणि मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या कारखान्यात होतो. बायकोला टायफॉइड झाला, घरी बघायला दुसरं कोणी नव्हतं. रजेचा अर्ज इंग्रजीतच लागायचा. तिची तब्येत फार वाईट आहे, याचं मी बेधडक इंग्रजी केलं: ‘माय वाइफ इज व्हेरी बॅड.’ दहावीला इंग्रजीत काठावर सुटलेला माणूस आणखी काय लिहिणार?

साहेब आपलेच, मराठी. त्यांनी अर्ज सगळ्या ऑफिसला मोठ्यानं वाचून दाखवला.

“अहो, बायको एवढी बॅड आहे तर रजा कशाला? माहेरी धाडा तिला!”

सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याचाच संताप मला आजही येतो. घरी ती तापानं फणफणलेली आणि मी इथे दात काढतोय!

“नीट लिहून आणा,” म्हणत त्यांनी कागद माझ्याकडे भिरकावला.

मी उभ्या उभ्या त्याच कागदाच्या पाठीमागे मराठीत लिहिलं, ‘माझी बायको चांगली आहे. तिला टायफॉइड झाला आहे. मी घरी जात आहे.’ कागद टेबलावर आपटला आणि सहीसाठी न थांबता निघालो.

गेटवर वॉचमननं बाहेर जायचा पास मागितला. साहेबांना द्यायच्या सगळ्या शिव्या त्या बिचाऱ्याला दिल्या.