तरुण रक्ताची चौकशी

आई गेल्याच्या दुसऱ्या वर्षी बाबांनी माझ्याकडे माझं रक्त मागितलं.

आम्ही दोघंच विश्रांतवाडीत राहायचो. बाबा टपाल खात्यातून निवृत्त झालेले, मी हडपसरच्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगला. सकाळी धावतपळत बस गाठायची, दुपारी कँटीनमध्ये वडापाव नाहीतर बिस्किटं. सात-आठ महिन्यांपूर्वी घरी इंटरनेट घेतलं होतं आणि बाबा दिवसभर त्यावर वाचत बसायचे. एका रविवारी चहा घेता घेता ते म्हणाले, "तरुण उंदराचं रक्त म्हाताऱ्या उंदराला दिलं तर तो तरतरीत होतो म्हणे. प्लाझ्मात काहीतरी घटक असतात. माणसांवरही करून पाहतायत."

"मग?"

"मग काही नाही. आपला रक्तगट एकच आहे, एवढंच म्हटलं."

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, पाणीसुद्धा स्वतः उठून घ्यायचे. नाही कसं म्हणणार? "विचारून येऊ," म्हटलं खरं, पण आतून घाबरले होते. एकदा दिलं की दर महिन्याला द्यावं लागेल का? तेही विचारायची चोरी.

शनिवारी आम्ही एका रक्तपेढीत गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी बाबांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, उंदरांवर प्रयोग झालेत, खरं आहे. पण माणसांत काही सिद्ध झालेलं नाही. उगाच प्लाझ्मा चढवला तर ॲलर्जी होते, श्वासाचाही त्रास होऊ शकतो. आम्ही असलं करत नाही. आणि कोणी करतो म्हणालं, तर जाऊ नका."

मी सुटले. आणि सुटले म्हणून लाजही वाटली. ती झाकायला म्हटलं, "आलेच आहे तर रक्तदान करते." बोटाला सुई टोचून त्यांनी तपासलं. हिमोग्लोबिन नऊ.

"तुमचं घेता येणार नाही," बाई म्हणाल्या. "जेवता की नाही वेळेवर?"

बाबांनी स्वतःचं बोट पुढे केलं. त्यांचं चौदा निघालं.

बाहेर आल्यावर ते बाकावर बसून राहिले. "मी तुझ्याकडे मागायला निघालो होतो," ते म्हणाले, "आणि तुझ्यातच नाही."

"पण बाबा, तुम्हाला कशाला हवं होतं तरुण व्हायला?"

"तू मावशीला फोनवर सांगत होतीस ना, बाबांना एकटं टाकून लग्न कसं करू? म्हटलं, दहा वर्षं कमी झाली तर तू मोकळी होशील."

"अहो, ती थाप होती! मला एवढ्यात लग्नच करायचं नाहीये. तुमचं नाव घेतलं की मावशी गप्प बसते."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे मी सहा महिने उंदरांचा अभ्यास केला, तो तुझ्या थापेपायी?"

मग आम्ही दोघं इतके हसलो, की वॉचमन डोकावून गेला. कित्येक महिन्यांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

येताना त्यांनी रिक्षा थांबवून कलेजी घेतली, दोन जुड्या पालक घेतला. घरी येऊन स्वतः रांधलं आणि माझं ताट संपेपर्यंत समोरून हलले नाहीत.