धुळ्याच्या हवामानबागेत कमल

मागच्या आठवड्यात एका वाचक मैत्रिणीनं विचारलं, "मुलांना घेऊन खानदेशात कुठे जावं?" उत्तर द्यायला बसले आणि मनात आली ती पन्नासेक वर्षांपूर्वीची सहल. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी जळगावच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. आमच्या मोठ्या बाईंनी कुठूनसं ऐकलं होतं, की धुळ्यात एका निवृत्त शिक्षिकेनं पांझरेकाठी हवामानबाग केली आहे. तिथे मुलं पुस्तक न उघडता वारा-पाऊस शिकतात. बाई म्हणाल्या, "सातवीच्या मुलींना घेऊन जा. जमण्यासारखं असेल, तर आपणही करू."

त्या मुलींत कमल होती. धरणगावजवळच्या खेड्यातली, शाळेसाठी मावशीकडे राहणारी. आदल्या वर्षी तिचा थोरला भाऊ शेतात वीज पडून गेला. तेव्हापासून आभाळ भरून आलं की ही पोर बाकाखाली शिरायची. मावशी तिला सहलीला पाठवायला तयारच नव्हती. कमल मात्र म्हणाली, "बाई, मला यायचंय." का, ते तिनं सांगितलं नाही.

दसरा नुकताच झाला होता. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघालो. रस्ता आजच्यासारखा रुंद नव्हता. बैलगाडी आली की ड्रायव्हर डावं चाक मातीत उतरवायचा. एरंडोल सोडलं तशी दोन्ही बाजूंनी फुटलेली कपाशी लागली. पारोळ्याला गाडी बराच वेळ थांबली. तिथे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी असा फराळ झाला. आज धुळ्याकडे जाणार असाल तर रस्ता सोपा आहे, पण पावसाळा सरता सरता जा आणि डबा घरचाच न्या.

बाग म्हणजे कुंपण घातलेला एक मोकळा तुकडा. मध्ये एक कडुनिंब. एका कोपऱ्यात रेती आणि निवडुंग, दुसऱ्यात केळी आणि अळू. एका खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा बाण. पावसाचं पाणी मोजायचं भांडं आणि झडपांच्या पांढऱ्या पेटीत टांगलेले तापमापक. ही सगळी मांडामांड करणाऱ्या त्या निवृत्त शिक्षिका, अक्का, दारातच उभ्या होत्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, पायांत जाड वहाणा.

"चपला काढा बठ्ठ्या जणी," त्या म्हणाल्या. बठ्ठ्या म्हणजे सगळ्या.

आधी रेतीवर, मग गवतावर, मग निंबाखाली मुलींना अनवाणी उभं केलं. रेतीवर नुसती उड्यांची आणि किंकाळ्यांची धमाल. "ऊन तेच आहे ना गं? मग पायांना वेगळं का लागलं?" अक्कांनी विचारलं. मुली भांडून भांडून उत्तर शोधू लागल्या.

"हवा आणि हवामान यांत फरक काय?" एकीनं विचारलं.

"आज डब्यात काय आणलंस?"

"दशमी."

"ती आजची हवा. तुझ्या घरी वर्षभर काय काय शिजतं, ते हवामान."

मी मनातल्या मनात पुढच्या वर्षीचा पाठ बदलून टाकला.

जेवणानंतर पश्चिमेला ढग चढले. कमल माझ्या पदराशी येऊन उभी राहिली. अक्कांनी मुलींना बागेलगतच्या आपल्या घराच्या व्हरांड्यात घेतलं आणि लांब वीज चमकली तशा म्हणाल्या, "आता मोजा, गडगडाट ऐकू येईपर्यंत." मुली एका सुरात मोजू लागल्या. आकडा वाढला की वीज लांब, कमी झाला की जवळ. मग त्यांनी सांगितलं, विजा चमकताना घरात यावं, मोटारीत बसावं, पण एकट्या उंच झाडाखाली कधीही थांबू नये.

मी कमलकडे पाहिलं, तर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मीच पाठवलं होतं दादाला झाडाखाली," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण सगळ्या मुली तिच्याकडे वळल्या. "मी डबा घेऊन गेले होते. पाऊस आला म्हणून मी हाक मारली, दादा, झाडाखाली जा. मी लांब बांधावर होते."

वर्षभर हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. अक्का तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"तो भिजू नये म्हणून हाक मारलीस ना?"

कमलनं मान हलवली.

"तुला कुणी सांगितलं होतं, की झाडाखाली जाऊ नये?"

"नाही."

"माझ्या आईनं मलाही झाडाखालीच थांबायला शिकवलं. सगळं गाव तेच करतं. हे तुला सांगायला हवं होतं ते आम्ही मोठ्यांनी. आम्ही नाही सांगितलं. तू मायेनं हाक मारलीस, पोरी. त्यात तुझा गुन्हा नाही."

कमल तेव्हा रडली. अक्कांच्या मांडीत तोंड खुपसून, खूप वेळ. बाकीच्या मुली तिच्याभोवती दाटून बसल्या आणि वीज चमकली की त्यांच्यातलीच कुणीतरी तिचा हात धरून हळूच मोजत राहिली.

परतीच्या वाटेवर पारोळ्याच्या पुढे एसटीचं इंजिन तापलं. ड्रायव्हर पाणी आणायला गेला, उतारू पाय मोकळे करायला उतरले. बघता बघता आभाळ काळं झालं, टपोरे थेंब पडू लागले आणि माणसं माळावरच्या एकट्या चिंचेकडे धावली. मी मुलींना मोजतेय तोवर कमल गाडीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि आपल्या अहिराणीत ओरडली,

"झाडखाल नका थांबा! आठे या, गाडीमा बसा!"

चिंचेखालून एक आबा हसले. "पानीमा भिजू का पोरी?"

"भिजा आबा, पन तठे नका ऱ्हा! मन्हा भाऊ असाच गया!"

आबांचं हसू विरलं. त्यांनी डोक्यावर धोतराचा सोगा घेतला आणि निघाले. त्यांच्यामागून बाकीचे आले. ओली माणसं, गाठोडी, एक कोंबडी, सगळं गाडीत दाटीवाटीनं बसलं. वीज चमकली तेव्हा कमल थरथरत होती, पण मोजत होती. चिंचेला काही झालं नाही. पाऊस सरला तेव्हा ती होती तशीच उभी होती. तरी उतरताना आबांनी कमलच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्या आठवड्यात कमलची आई शाळेत आली. पोरीनं गावी जाऊन सगळं सांगितलं होतं. व्हरांड्यातच खाली बसून ती म्हणाली, "बाई, ही पोर वरीसभर एकटीच जळत व्हती. अन् मी मन्हा जीवले खात व्हतू, का डबा तं मीच दिन्हा व्हता तिना हातमा." मग डोळे पुसून म्हणाली, "ते धुळानं शिक्षण आमना गावले दी का?"

आम्ही दिलं. दिवाळीनंतर एका रविवारी मुलींना घेऊन त्यांच्या गावी गेलो. चावडीसमोर वीज कशी मोजायची ते कमलनंच सांगितलं. शाळेमागच्या पडीक जागेत आमचीही छोटी बाग झाली, आणि पाऊस मोजायचं काम कमलनं दहावीपर्यंत कुणाला दिलं नाही.

अक्कांची बाग आता राहिलेली नाही, तिथे घरं झाली आहेत. त्यामुळे मैत्रिणीला मी पत्ता देऊ शकले नाही. फक्त लिहिलं, की कुठल्याही मोकळ्या जागेत मुलांच्या चपला काढायला लाव आणि मग ती काय विचारतात ते ऐक. त्यांतलं एखादं मूल काही विचारायच्या आधी बराच वेळ गप्प बसेल. त्याच्यापाशी थांब.