रंगूबाईच्या हाताचं यश

सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णाकाठी एक गाव आहे. तिथं रंगूबाईच्या हाताला यश होतं. कोंबडी खुडूक झाली की अंडी बसवायला बायका तिलाच बोलवायच्या. बारा बसवली तर अकरा पिल्लं निघणार म्हणजे निघणारच. कोंबडी आळशी असली तर रंगूबाई स्वतः सकाळ-संध्याकाळ अंडी फिरवायची, सगळीकडून ऊब लागावी म्हणून. या कामाचा तिला गर्व होता, आणि का नसावा? नवरा गेल्यावर मानाचं असं तिच्याजवळ दुसरं होतं काय!

पंच्याण्णव साली नदीच्या वाळूत कुत्र्यांनी कासवाचं घरटं उकरलं. तिनं कुत्री हाकलली, उरलेली अंडी वाळूसकट टोपलीत घालून घरी आणली आणि दोन्ही वेळा इमानेइतबारे फिरवली. एकही पिल्लू निघालं नाही. कुत्र्यांनीच नासवली, असं तिनं गावात सांगून टाकलं. पण मनाला चैन पडेना. शेवटी माधवनगरच्या शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या क्षमाबाईंना तिनं गाठलं. त्या चाचरतच बोलल्या. कासवाचा जीव अंड्यात वरच्या बाजूला चिकटून वाढतो, अंडं उलटं केलं की मरतो. पिल्लांनाही हात लावायचा नाही, लांबून बघायचं, त्यांचं त्यांना चालू द्यायचं. रंगूबाईनं मान हलवली आणि घरी येऊन अवाक्षर काढलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

पाऊस सरल्यावर कासवीण पुन्हा वाळूत अंडी घालून गेली. रंगूबाईनं भोवती बाभळीच्या काट्या लावल्या आणि महिनोन्महिने राखण केली. मे सरता सरता एका सकाळी वाळू हलली. काट्या काढून ती दहा पावलं मागं जाऊन बसली.

बातमी फुटायला कितीसा वेळ? अर्धं गाव जमलं. पिल्लं एवढीएवढीशी, पाणी लांब, वर घारी. सरपंच नानासो घमेलं घेऊन आले. माणूस भला, पण भलेपणाची घाई फार. पिल्लं भरून नदीत सोडू, पुण्य लागेल, म्हणाले. रंगूबाई नको नको म्हणत राहिली, ऐकतंय कोण? एक पिल्लू उताणं पडून पाय झाडत होतं. बाया हळहळल्या.

"आमी न्हाई लावत हात," नानासो म्हणाले. "तुज्या हाताला यश हाय. तूच उचल."

आता आली का पंचाईत! गप्प बसावं तर घमेलं भरणार, बोलावं तर जन्माची पत जाणार. रंगूबाई उठून उभी राहिली.

"कुत्र्यांनी न्हाई, आवं. गेल्या साली ती माज्याच हातानं मेली. कोंबडीची असल्यागत फिरवत बसले मी. कुणीबी हात लावू नका. माजा तर न्हाईच न्हाई."

नानासो घमेलं खाली ठेवून मागं सरले. मग बाकीचेही सरले.

घारींनी दोन पिल्लं नेली. तरी रंगूबाई जागची हलली नाही. उताणं पडलेलं धडपडत धडपडत आपलं आपण पालथं झालं आणि सगळ्यांच्या मागून पाण्यात शिरलं.

तेव्हा रंगूबाई खाली बसली आणि अख्ख्या गावादेखत, गेल्या सालच्या पिल्लांसाठी रडली.