पाटावरची डिस्क

भाऊबीजेच्या सकाळी मी घरातून निघाले तेव्हा बाप दारात बसला होता आणि माझ्याशी बोलत नव्हता. सणाला आलेली लेक भावाला न ओवाळता परत निघाली, हे त्याला पटणार नव्हतंच. मला तरी कुठं पटलं होतं? पण सेलूच्या शेठचा निरोप होता. गादी, म्हणजे पेढी, बंद आहे, मशीन मोकळं आहे, भाऊबीजेलाच या आणि ते नवं काय बसवायचंय ते बसवून टाका. लाभपंचमीच्या मुहूर्तावर सुरू झालं तर तुम्ही कायम, नाही झालं तर औरंगाबादचा माणूस बोलावतो.

शेठचं कापसाचं जिनिंग होतं आणि मी तिथं कॉम्प्युटर चालवायचे. सगळे त्याला मशीनच म्हणत. तोपर्यंत त्यावर डॉस नावाची सिस्टिम होती. डॉसवर एका वेळी एकाच माणसाला बसता यायचं. शेठना एक पडदा फाटकावरच्या वजनकाट्यापाशी हवा होता आणि एक गादीवर, दोन्ही एकाच वेळी चालणारे. त्यासाठी त्याच डिस्कवर राखून ठेवलेल्या अर्ध्या जागेत युनिक्स बसवायचं होतं. मी ते परभणीच्या क्लासमध्ये शिकले होते आणि सबंध सेलूत ते येणारं दुसरं कुणी नव्हतं. तरी मला शेठच्या गादीवर पाण्याचा पेला मुनीमजींच्या नंतरच मिळायचा.

कायम होण्यात माझा जीव अडकला होता तो धाकट्या बहिणीपायी. आई-बाप दर साली दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे. मी लहानपणापासून सेलूला मावशीकडे राहिले म्हणून माझं शिक्षण झालं. धाकटी आई-बापाजवळच राहिली. गावातली शाळा सातवीला संपत होती आणि तिची सातवी झाली होती. या साली तिलाही टोळीबरोबर न्यायचं ठरलं होतं. लहान्या भावाला सांभाळायला आणि उसाच्या शेंड्यांचे, म्हणजे वाढ्यांचे, भारे बांधायला. मावशी म्हणाली, आणखी एक पोर माझ्याच्यानं होणार नाही, तुझी नोकरी कायम झाली तर खोली घे आणि आण तिला. शाळेच्या बाईंशी मी बोलून ठेवलं होतं. पहिलं सत्र बुडालं असलं तरी त्या तिला आठवीत बसवून घेणार होत्या.

धाकटी चुडाव्याच्या स्टेशनपर्यंत माझी पिशवी धरून आली. लहान्याला तिनं कडेवर घेतलं होतं.

“अक्का, उद्या येतीस ना गं? मुकादमाची गाडी पंचमीला निघायलीय.”

“उद्याच येते. काम एका दिवसाचं हाय. तू दप्तर भरून ठिव.”

हे मी तिला सांगितलं, आणि ते खरंही होतं. काम एका दिवसाचंच होतं.

मशीनच्या खोलीत चपला काढून जायची पद्धत होती. मी गेले तर मशीनला झेंडूचा हार, पडद्यावर गंध, कीबोर्डवर अक्षता. डब्याच्या मागं कंपनीचं कागदी सील होतं, त्याच्यावर कुंकवाचं भलंमोठं स्वस्तिक. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. काट्यावर, तिजोरीवर, फाटकाच्या खांबावर, बघावं तिकडे स्वस्तिकच होतं. मी अक्षता झटकल्या, हार खुंटीला लावला आणि युनिक्सची पहिली फ्लॉपी घातली.

मशीन म्हणालं, हार्ड डिस्क सापडत नाही.

बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. मला वाटलं, नव्या सिस्टिमला ही डिस्क ओळखू येत नसेल. म्हणून डॉसच्या फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं आणि सी ड्राइव्ह, म्हणजे तीच डिस्क, मागितला. सी नाहीच म्हणे. म्हणजे दोष नव्या सिस्टिमचा नव्हता. त्या काळी डिस्क कुठल्या नंबरची आहे ते मशीनला सांगून ठेवावं लागायचं आणि आतली बॅटरी उतरली की मशीन ते विसरून जायचं. सेटअप उघडून पाहिलं, तर नंबर जागच्या जागी. बॅटरी शाबूत होती. मग डब्याला कान लावला. पंखा फिरत होता, पण रोजची ती घरघर नव्हती. डिस्क फिरतच नव्हती.

डिस्क मेली असेल तर वर्षाचा हिशोबही गेला आणि मीही गेले.

बाहेर मुनीमजी चिवडा खात बसले होते. धोतरातला म्हातारा माणूस, शेठच्या वडिलांपासून गादीवर असलेला.

“मुनीमजी, दिवाळीत मशीनला कुणी हात लावला का?”

“छे! कोन लावतंय? पूजा केली तेवढी.”

“उघडलं-बिघडलं का कुणी?”

“लक्ष्मीपूजन झालं की ओ. सालाबादपरमानं.” असं म्हणून त्यांनी माझ्यापुढं चिवड्याची ताटली सरकवली.

संध्याकाळी शेठ आले. मी सांगितलं, डब्याचं झाकण काढून आत बघावं लागेल. त्यांचा आवाज चढला.

“सील तोडायचं न्हाई. गॅरंटी जाईल. चार रोज तुमी नव्हत्या तर मशीन बिनघोर पडून होतं. तुमी हात लावला अन् बिघडलं? तरी मला लोक म्हनायलेत, बाईमानसाच्या हाती दिऊ नका.”

मी गप्प बसले. आज त्या गप्प बसण्याचा संताप येतो. तेव्हा मला फक्त पंचमी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मशीनपुढं. याच दिवशी मी गावी जाऊन धाकटीला आणणार होते. निरोप धाडायचा तर गावात फोन नव्हता. दुपारपर्यंत मी तेच ते करत राहिले, नंबर बदलून पाहिले, फ्लॉप्या बदलून पाहिल्या. तिकडं ती दप्तर घेऊन स्टेशनावर आली असेल, गाडी आली असेल, गेली असेल. मग माझ्या डोक्यात तिडीक गेली. गेली उडत गॅरंटी. फिटरच्या खोलीतून पेचकस आणला आणि कुंकवाच्या स्वस्तिकावरून सील टर्रकन फाडायला गेले. ते फाटलंच नाही. अलगद निघून हातात आलं. आधीच कुणी तरी काढून खळीनं परत चिकटवलं होतं.

झाकण उचललं. आत डिस्क नव्हतीच. डिस्कच्या जागी मोकळं भगदाड, आणि तिच्या वायरी गुंडाळून लाल नाड्यानं नीट बांधून ठेवलेल्या. दीड दिवस मी रिकाम्या खोक्याला विचारत होते, डिस्क कुठाय म्हणून.

मी ओरडले ती कशी ओरडले, मला सांगता यायचं नाही. मुनीमजी धावत आले. आत वाकून पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

“हात्तिच्या! ह्येच्यासाठी व्हय? ती गादीवर हाय की, पाटावर.”

“पाटावर?”

“मग? लक्ष्मीपूजनाला वही मांडतेत का न्हाई? तुमीच म्हनल्या हुत्या, आता हिशोब वहीत न्हाई, हिच्यात ऱ्हातो. मग पूजा वहीची करायची का पत्र्याच्या डब्याची? फिटरनं अल्लाद काढून दिली बगा.”

“काल मी तुम्हाला विचारलं होतं!”

“तुमी विचारलं, मशीनला हात लावला का. मशीन हाय की हितंच. आमी निस्ती वही काढली.”

त्यात लबाडी नव्हती, हे मला तेव्हाही दिसत होतं. म्हातारा मनापासून बोलत होता. त्याच्या लेखी वही पूजेला काढणं म्हणजे काही उघडणं-बिघडवणं नव्हतं. पण लबाडी नसली म्हणून माझा गेलेला दिवस परत येत होता थोडाच! लबाड माणसावर निदान मनसोक्त चिडता तरी येतं.

गादीवर गेले. पांढऱ्या चादरीवर पाट, पाटावर लाल कापड, तांदळाच्या राशीवर आमची डिस्क. तिच्यावर हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या, लाह्या आणि एक बत्तासा. मी हात पुढं केला तर मुनीमजी आडवे आले.

“पंचमीपतुर पाट हालत न्हाई. रीत हाय ती.”

मी तडक शेठच्या घरी गेले. ते पाहुण्यांत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “पूजा पंचमीला उठंल. तवर हात लावायचा न्हाई.”

“आणि मशीन कधी सुरू पाहिजे?”

“पंचमीला, मुहूर्तावर.”

“डिस्क नसताना?”

“त्ये तुमचं काम हाय. शिकल्या कशाला मग?”

पाहुणे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी परत आले, गादीवर चढले आणि मुनीमजींच्या देखत डिस्क पाटावरून उचलली.

“पाप लागंल, बाई!”

“लागू द्या. माझं मी बघते.”

पदरानं हळद पुसली. बत्तासा चिकटला होता तो नखानं खरवडला. नाडा सोडला, वायरी जोडल्या, बटण दाबलं. घरघर सुरू झाली. सी मागितला, सी आला. मला आनंद झाला म्हणावं तर तसंही नाही. एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी हे सगळं, असं वाटून रडू कोसळलं, आणि रडत रडतच मी युनिक्सची पहिली फ्लॉपी घातली. मुनीमजींनी पाटावरच्या मोकळ्या जागी नारळ ठेवला आणि बराच वेळ हात जोडून बसले.

चतुर्थीचा दिवस उरलेल्या फ्लॉप्यांत आणि काट्यापर्यंतची वायर ओढण्यात गेला. गावी जाणं नाहीच झालं.

पंचमीला गादी माणसांनी भरली होती. व्यापारी, अडते, शेठचे पाहुणे. नारळ फुटला. शेठ माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “काम झालं म्हना. पर बाईनं पूजेचा पाट हालवला. कायमचं आता फुडच्या दिवाळीला बगू.”

पडद्यावर युनिक्स थांबलं होतं. त्याला पासवर्ड हवा होता, आणि तो मी ठेवला होता. मी कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

“मग पासवर्डचंही पुढच्या दिवाळीला बघू, शेठजी.”

मुहूर्त टळायला आला होता. मुनीमजी एकदा घड्याळाकडे बघायचे, एकदा शेठकडे. शेठच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी जागची हलले नाही. शेवटी त्यांनी कागद मागवला, मला कायम केल्याचं लिहिलं, सही केली आणि माझ्या अंगावर टाकला. मी तो सावकाश वाचला आणि मगच पासवर्ड टाइप केला. टाळ्या मशीनसाठी वाजल्या.

तो कागद घेऊन मी संध्याकाळच्या पॅसेंजरनं चुडाव्याला उतरले. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, गाडी सकाळीच गेली. धाकटी दोन दिवस दप्तर घेऊन स्टेशनावर बसली होती. शेवटी बापानं तिला दंडाला धरून गाडीत चढवलं.

टोळी गंगाखेडच्या पुढं गोदावरीकाठी कुठं तरी उतरली, एवढंच गावात कळलं. मी रजा मागितली, तर मुनीमजी म्हणाले, कायम झाल्या झाल्या रजा? रविवारी एसटीनं गेले, फडाफडात विचारत फिरले आणि ती सापडली. बांधावर बसली होती. उजव्या हाताला चिंधी, आत रक्त थांबायला चहाची पूड भरलेली. वाढे बांधताना कुणाचा तरी कोयता बसला होता. मला बघून ती म्हणाली, “तू उद्या येते म्हनली हुतीस.”

मी तिला घेऊन आले. सेलूच्या दवाखान्यात टाके पडले, पण डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं, आतली शीर तुटलीय. शाळेच्या बाईंनी शब्द पाळला. ती डाव्या हातानं लिहायला शिकली. पुढं ग्रॅज्युएट झाली, नोकरीला लागली. उजव्या हाताचं तर्जनीचं बोट अजून वळत नाही. चपाती लाटताना ते ताठ उभं राहतं आणि मी दुसरीकडे बघते.

शेठ वारले तेव्हा बाजार बंद होता. सगळे म्हणत होते, देवधर्म पाळणारा माणूस, गादीची एक रीत कधी मोडली नाही. मावशीनं मला दोनदा बोलावणं धाडलं. मी मातीला गेले नाही.